दोन कासम्या, एक मोटर

वेदुंगसारीच्या बर्फ कारखान्यातली मोटर जळाली, तेव्हा तारमुजी तिच्याशेजारी बसून तिला वारा घालत होता. हे मी ऐकीव सांगत नाही. कारखान्याच्या फाटकासमोर माझी टपरी आहे आणि तो पंखा माझा होता, निखारे फुलवायचा, बांबूचा. मला इथे सगळे यू वार म्हणतात, यू म्हणजे ताई. "यू वार, जरा दे, मोटरला ताप आलाय," असं म्हणून तो घेऊन गेला तो परत आलाच नाही. म्हणजे तारमुजी आला, पंखा आला नाही.

तारमुजी कारखान्याचा मशीनवाला. बर्फाचं मशीन फिरवणारी ती मोठी मोटर त्याच्या लग्नाच्या आधीपासून तिथे होती, आणि तो तिच्याबद्दल अशा सुरात बोलायचा की परक्या माणसाला वाटावं, याच्या घरी दोन बायका आहेत. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरला लावायचं, मूठ कानाला, डोळे मिटायचे, आणि मग आम्हाला सांगायचं की आज बाईंची तब्येत बरी आहे. त्या दिवशी मोटर कण्हत होती. त्याने ऐकलं आणि निदान केलं की वय झालं, आपली कंबरही हल्ली असंच करते. तो वारा घालत राहिला, आणि बघता बघता आतून काळा धूर निघाला. जळक्या वार्निशचा तो वास माझ्या शेंगदाण्याच्या चटणीला दोन दिवस येत होता. गिऱ्हाइकं ताट पुढे सरकवून उठायची.

कारखाना बू हार्तिनीचा. नवऱ्यामागे तिने एकटीने चालवला. तिची एक खोड आहे. ती चिडली की तिचा आवाज चढत नाही, उतरतो. जितकी जास्त चिडेल तितकी हळू बोलते. त्यामुळे तिचे ओठ हलताना दिसले आणि ऐकू काहीच आलं नाही, की कामगार काढता पाय घेतात. त्या दिवशी ती काय बोलली हे आजवर कुणालाच माहीत नाही.

मोटर टेम्पोत घालून शहरात को लियोंगकडे नवं तांबं भरायला नेली. को लियोंगच्या घरी बापाच्या वेळेपासून मोटरी भरायचा धंदा. त्याने मोटर उघडली आणि तारमुजीला जवळ बोलावून आतल्या कॉइली दाखवल्या. दोन भागांतल्या कॉइली करपून कोळसा, आणि तिसऱ्या भागातलं तांबं नवऱ्या मुलीच्या बांगड्यांसारखं झळझळीत.

"पोलावरून तुझ्याकडे तीन तारा येतात," को लियोंग म्हणाला. "त्यातली एक मेली. तिघांनी मिळून उचललेला पलंग दोघांच्या खांद्यावर आला. खाली ठेवा म्हणून कुणी सांगितलं नाही, म्हणून दोघं जीव जाईपर्यंत उचलून उभे राहिले."

तारमुजीला ते लागलं. त्याने विचारलं, मग मी काय पोलावर बसून तारा मोजत राहू का. को लियोंग म्हणाला, तू नको, ही मोजेल, आणि त्याने फडताळातून मुठीएवढी एक डबी काढली. तिला दोन दिवे, एक हिरवा, एक लाल. तिन्ही तारांना सारखा जोर असेपर्यंत हिरवा. एखादी तार मेली, किंवा नुसती लंगडायला लागली, की टक् आवाज, लाल दिवा, मोटर बंद. तारा ठीक झाल्या की पुन्हा हिरवा, आणि मग बटण दाबून मोटर चालू करायची. एवढंच तिचं काम.

मोटर भरून आली, डबी पॅनलमध्ये बसली, आणि तारमुजीचा तिच्यावर पहिल्या दिवसापासून राग. माझे कान शाबूत असताना डबी कशाला, हे त्याचं म्हणणं. शेवटी वीजमंडळाचा वायरमन मास प्रास टपरीवर कॉफी प्यायला आला, तेव्हा त्यानेच कंटाळून विचारलं की कांग, दादा, गेल्या वेळी तुझ्या कानांना काय ऐकू आलं होतं. त्यानंतर तारमुजी कानांबद्दल बोलायचा थांबला, पण डबीशी त्याची अढी राहिलीच.

पावसाळा लागला आणि डबी लाल व्हायला लागली. सकाळी दहा-अकराचा सुमार. टक्, आणि सगळं गप्प. त्या मोटरच्या आवाजाची आम्हाला एवढी सवय की ती थांबली की माझ्या टपरीवर ग्लासात फिरणारा चमचासुद्धा मोठ्याने वाजतो. बराच वेळ लाल, मग कधीतरी आपोआप हिरवी. तारमुजी तिच्यासमोर हात लोंबकळत सोडून उभा राहायचा. असाच उभा असताना बर्फाच्या लाद्या ओढणारा दुल्लाह त्याला म्हणाला, "यू कासमीने घरून हाक मारली की अगदी असाच उभा राहतोस."

झालं. डबीचं नाव कासमी पडलं.

कासमी तारमुजीची बायको. मशिदीमागच्या गल्लीत राहते आणि मासळीचे पापड करते. बाजारात ती भाव करायला उभी राहिली की मासेवाला स्वतःहून एक मासा जास्त टाकतो, फक्त तिने लवकर जावं म्हणून. मोठ्या आवाजात बोलते, मोठ्या मनाने वाटते, आणि तिच्यासमोर तारमुजीचं जे काही होतं ते दुल्लाहने बरोबर हेरलं होतं. तर आता कारखान्यात हे सुरू झालं. कासमी लाल झाली. कासमीचा राग उतरू दे मग बघू. कासमी आज सकाळपासून गप्प आहे, लक्षण चांगलं दिसत नाही. सगळ्या गावाला हे नाव कळलं होतं. कळलं नव्हतं फक्त कासमीला, कारण तिला सांगायची कुणाची छाती होती?

एके दिवशी तारमुजीने कंटाळून पॅनल उघडलं आणि डबीला वगळून एक तार अशी जोडली की डबी लाल होवो नाहीतर काळी, मोटर डायरेक्ट चालावी. मोटर चालली. काही दिवस सगळे खुशीत होते. लाद्या वेळेवर निघायच्या, दुल्लाहला अकरा वाजता विडी ओढायला मिळेना एवढीच त्याची तक्रार.

आणि मग दुल्लाहनेच घोळ घातला. माझ्या टपरीवर रस्त्याकडे पाठ करून बसला होता, पेचेलचं, म्हणजे चटणी घातलेल्या उकडलेल्या भाज्यांचं, ताट पुढ्यात, आणि शेजारच्या खलाशाला रंगवून सांगत होता, "कासमीचा आता काही त्रास नाही बघ. कांग मुजीने तार आणली आणि तिचं तोंड बांधून टाकलं. होऊ दे लाल नाहीतर निळी. आता तिला विचारतंय कोण?"

मागे कासमी उभी होती, मिरच्यांची टोपली कमरेवर घेऊन. मी दुल्लाहला पळीने खूण केली. त्याला वाटलं चटणी वाढू का विचारतेय. "घाल," तो म्हणाला.

कासमी ओरडली नाही. तिने टोपली बाकावर ठेवली, डोक्याचा रुमाल घट्ट केला आणि रस्ता ओलांडून थेट कारखान्यात गेली. मी गॅस बंद केला आणि मागोमाग गेले. असल्या वेळी टपरी सांभाळत बसेल ती बाईच नव्हे.

तारमुजी मोटरला तेल देत होता. बायको कारखान्यात आलेली बघून त्याने आधी तेलाचा डबा खाली ठेवला.

"कुणाचं तोंड बांधलंत तुम्ही?" कासमी म्हणाली. "कोणत्या तारेने? मला दाखवा तरी."

तारमुजीला काहीच कळेना. तो बिचारा तिच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि हे बघणं तिला आणखी झोंबलं. तेवढ्यात धापा टाकत दुल्लाह आला आणि सांगू लागला की यू, तुम्ही नव्हे, ती कासमी, ही बघा, आणि आपण खरं बोलतोय हे पटवायला त्याने पॅनलचं दार सताड उघडलं. आत लाल दिवा जळत होता, शेजारी तारमुजीची तार, आणि मागे मोटर छान चालली होती. आरडाओरडा ऐकून बू हार्तिनी कचेरीतून बाहेर आली होती. तीही आमच्या मागे उभी राहून पॅनलमध्ये बघत होती.

तिचे ओठ हलले. तारमुजीने पुढे वाकून विचारलं, "काय म्हणालात, बू?" ती पुन्हा बोलली, आणखी हळू. तो आणखी वाकला. मला वाटलं हा आता पडतो.

तार तिने त्यालाच काढायला लावली. मग कचेरीतून एक कुलूप आणून पॅनलला घातलं. किल्ली हातात धरून तिने एकेकाकडे पाहिलं. दुल्लाहकडे पाहून सोडून दिलं. माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, मला टपरी पुरे आहे. मग तिने किल्ली कासमीच्या हातावर ठेवली.

"तारमुजी माझं ऐकत नाही, को लियोंगचंही ऐकत नाही," बू हार्तिनी म्हणाली, आणि हे मात्र सगळ्यांना ऐकू आलं. "तुझं ऐकतो. डबी लाल झाली की तुला बोलावणं येईल. हिरवी होईपर्यंत तू उभी राहायचंस, मग त्याला बटण दाबू द्यायचंस. तार घेऊन कुणी आलं तर काय करायचं ते तुला सांगायला नको."

भांडायला आलेली कासमी किल्ली घेऊन परत गेली. मिरच्यांची टोपली माझ्याकडेच विसरली.

आता गंमत पुढे आहे. डबी लाल झाली की दुल्लाह मशिदीमागच्या गल्लीत धावत जायचा. कासमी पिठाचे हात पुसत, भट्ट्या बंद करून यायची. पावसाळ्यात पापड वाळवायला ऊन नसतं, म्हणून तिने कपाटाएवढ्या दोन विजेच्या भट्ट्या घेतल्या होत्या. गल्लीतल्या बायकाही आपापले ट्रे तिच्याकडे आणून लावायच्या. भट्टी चालू ठेवून जावं तर पापड करपतात, म्हणून बंद करूनच निघायची. येऊन कुलूप उघडायची, आणि आत दिवा हिरवा.

एकदा झालं, दोनदा झालं. नंतर कामगार चक्क बघायला जमायला लागले. तारमुजी तासभर समोर उभा राहिला तरी ती लाल, आणि कासमीची चप्पल फाटकात वाजली की हिरवी. डबी नाव ओळखते, असं दुल्लाह सगळ्यांना सांगत सुटला. तारमुजीला हे फार जड गेलं. टपरीवर येऊन तो मला म्हणाला, "यू वार, तीस वर्षं मशीनवर काढली मी. ही येते काय, नुसती बघते काय, आणि ते गुमान हिरवं होतं. घरी माझंही असंच होतं म्हणा. पण मी माणूस आहे."

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. कुणाची फटफटी चालू होईना, कासमीला बोलावणं. मशिदीचा भोंगा खरखरतो, कासमी, जरा बघून जा. एकाने चारा न खाणारी बकरी आणली. कासमी सगळ्यांकडे जायची, कमरेवर हात ठेवून बघायची, चार शब्द सुनवायची. फटफटी चालू झाली. बकरीचं मला माहीत नाही. ईदेला घालायचा निळा रेशमी रुमाल ती आता रोजच बांधू लागली, कारण बोलावणं कधी येईल सांगता येत नाही.

मग एक दिवस ती टपरीवर आली, कॉफी घेतली आणि प्यायलीच नाही. कासमी गप्प बसली की मला काळजी वाटते. मी विचारलं तेव्हा तिने आजूबाजूला कुणी नाही ना बघितलं आणि सांगितलं. त्या दिवशी शेजारीण घरात होती, म्हणून भट्ट्या तिच्यावर सोपवून, चालूच ठेवून ती आली होती. डबी लाल. बघितलं, दटावलं, पाठ फिरवून पुन्हा वळून बघितलं. लालच. शेवटी काहीतरी विसरल्याचं निमित्त करून घरी गेली, भट्ट्या बंद केल्या, परत आली. हिरवी.

"ती मला नाही गं घाबरत," कासमी म्हणाली. "माझ्या भट्ट्यांना घाबरते."

मास प्रास मागे एकदा बोलता बोलता तिला म्हणाला होता, की त्यांची अख्खी गल्ली एकाच तारेवर टाकलेली आहे. दोन्ही भट्ट्या लागल्या की घरातला बल्ब पिवळा पडतो हे तिने पाहिलंच होतं. म्हणजे तिच्या गल्लीची तार ओढून ओढून अशक्त व्हायची, आणि तीच तार पुढे कारखान्यात जायची. तिथे डबी बसलेली. तिला दिसायचं की तिघांतला एक लंगडतोय, की ती पलंग खाली ठेवायला लावायची.

मी म्हटलं, मग बू हार्तिनीला सांगून टाक.

"सांगितलं की म्हणतील, भट्ट्या बंद कर. पावसात पापड कुठे वाळवू, माझ्या डोक्यावर?" ती म्हणाली आणि रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत बसली. "आणि लोक काय म्हणतील?"

"बकरीकडे कोण बघणार, हाही प्रश्न आहेच," मी म्हटलं.

ती हसली नाही. तिने मला तोंड बंद ठेवायला सांगितलं आणि मी ठेवलं. टपरीवाल्या बाईला हे किती कठीण असतं ते दुसऱ्या टपरीवालीलाच कळेल. त्यानंतर ती कारखाना चालू असताना एकच भट्टी लावू लागली. डबी लाल व्हायची कमी झाली आणि त्याचं श्रेयही तिलाच मिळालं. मला मात्र एक संशय आहे. बरेच दिवस कुणी बोलावलं नाही, की ती मुद्दाम दुसरी भट्टी लावत असावी. मी तिला कधी विचारलं नाही.

अशात समुद्राचा सण आला. रेड्याचं डोकं ठेवलेली छोटी होडी खोल पाण्यात सोडली, दोन दिवस गाणी-बजावणी झाली, आणि सणाच्या आठवड्यात बांधून ठेवलेल्या सगळ्या बोटी दुसऱ्या दिवशी एकदम निघणार होत्या. संध्याकाळच्या भरतीलाच नदीच्या तोंडातून बाहेर पडता येतं. ती चुकली की बोट गाळात बसते. सगळ्यांना बर्फ हवा होता, आणि लाद्या अजून पोटात ओल्या होत्या. मशीन दुपारपर्यंत चालायला हवं होतं. बोटींची तांडेल मंडळी निघायच्या दिवशी सकाळपासून फाटकात ठाण मांडून होती, आणि माझं पेचेल साडेनऊलाच संपलं.

दहाच्या सुमाराला मोटर थांबली. चमच्यांचे आवाज ऐकू यायला लागले.

दुल्लाह धावला. आम्ही सगळे निवांत होतो, तांडेलसुद्धा, कारण आता कासमी येणार आणि काम होणार हे ठरलेलं. ती आली, निळा रुमाल, हातात किल्ली. लोकांनी वाट करून दिली. एकाने तर मुलाला खांद्यावर घेतलं, नीट दिसावं म्हणून. तिने कुलूप काढलं, दार उघडलं.

लाल.

ती बघत उभी राहिली. मला तिच्या मानेवरचा घाम दिसत होता. तिने माझ्याकडे एकदा वळून बघितलं आणि मला कळलं की भट्ट्या बंद आहेत, दोन्ही.

एक तांडेल खाकरला. दुसरा म्हणाला, आज हिचं नाव विसरली वाटतं डबी. लोक हसले. तारमुजी मात्र हसला नाही, त्याला आता धीर आला होता. तो पुढे झाला आणि समजुतीने सांगू लागला की हे बघ, कचेरीत दिवा जळतोय, मशिदीत जळतोय, यू वारच्या टपरीतला पंखा फिरतोय. सगळ्या गावात वीज आहे. कुठली तार मेली? डबी खोटं बोलतेय, बिघडली ती. त्याला फक्त एवढीशी तार जोडायची होती, दुपारपर्यंत, लाद्या होईपर्यंत. मग कुलूप घाला नाहीतर मला कोंडा. तांडेलांना हे एकदम पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. बू हार्तिनी कचेरीच्या दारात उभी होती. तिने त्याला अडवलं नाही. बोटी तिलाही दिसत होत्या.

कासमीला किल्ली देऊन मोकळं होता आलं असतं. मोटर चालली असती तर तिचं नाव, जळली असती तर नवऱ्याचं. पण ती पॅनलच्या दारासमोर पाठ लावून उभी राहिली.

"ऐका जरा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज कधी नव्हे तो लहान होता. "ही डबी माझं काही ऐकत नव्हती. इतके दिवस मी यायची, भट्ट्या बंद करून यायची, म्हणून ती हिरवी व्हायची. माझ्या भट्ट्या आमच्या गल्लीची तार ओढतात. मला माहीत होतं. मी बोलले नाही."

दुल्लाहचं तोंड उघडंच राहिलं होतं. देवळातली मूर्ती उठून चालायला लागल्यावर पुजाऱ्याचं होईल तसं. तारमुजीने काहीतरी म्हणायला सुरुवात केली, पण ती थांबली नव्हती.

"आज दोन्ही भट्ट्या बंद आहेत. तरी ही लाल आहे. म्हणजे आज कारण माझं नाही, दुसरं काहीतरी आहे. तुमच्याकडे तो बल्ब आहे ना, दोन वायरीचा? तीन तारांवर तीनदा लावून दाखवा. तिन्ही वेळा लख्ख लागला तर किल्ली तुमची, तार माझ्या हाताने जोडीन."

तारमुजीने बल्ब आणला. तपासायचा बल्ब, होल्डरला दोन वायरी लावलेला. गेल्या पावसाळ्यापासून तो खिळ्यावर टांगलेला होता, त्यावर कोळ्याने घर केलं होतं. ते झटकून तो पॅनलपाशी गेला. पहिल्या तारेवर लावला, लख्ख. त्याने आमच्याकडे वळून बघितलं. दुसऱ्या तारेवर, लख्ख. एक तांडेल उठून चप्पल घालू लागला. तिसऱ्या तारेवर तारमुजीने वायर टेकवली, आणि बल्ब पेटला नाही. त्याने वायर घासून पुन्हा टेकवली. बल्ब काढून घट्ट बसवला. पहिल्या तारेवर लावून बघितला, पेटला. पुन्हा तिसरीवर. काही नाही.

तो तसाच बल्ब हातात धरून उभा राहिला, आणि मला खात्री आहे की त्याला तो धूर आठवत होता.

"बंद ठेवा," तो म्हणाला. कुणाला म्हणाला कोण जाणे, मोटर बंदच होती. मग दुल्लाहला ओरडून सांगितलं, प्रासला गाठ, जेवत असेल तर ताटासकट आण.

मास प्रास आला, फाटकासमोरच्या पोलावर चढला आणि वरूनच ओरडला. कारखान्याकडे येणाऱ्या एका तारेचा जोड जळून गेला होता. खालून बघणाऱ्याला तार जागेवर दिसायची, पण ती नुसत्या प्लास्टिकच्या सालीवर लोंबत होती. घरांच्या तारा त्याच्या अलीकडून जायच्या, म्हणून गावात सगळीकडे वीज. आपण मोटर डायरेक्ट केली असती तर फिरलीच नसती, प्रास खाली उतरल्यावर म्हणाला, घुमली असती आणि जागच्या जागी जळली असती. तारमुजी म्हणाला, माहीत आहे.

जोड बदलला, दिवा हिरवा झाला, आणि बटण दाबायच्या आधी तारमुजीने तिन्ही तारांना पुन्हा बल्ब लावून बघितला. मग मोटर चालली. लाद्या दुपारऐवजी संध्याकाळी निघाल्या, काहींच्या पोटात पाणी राहिलं होतं. तांडेलांनी कटकट केली, पण नेल्या, आणि भरतीला सगळ्या बोटी बाहेर पडल्या. कासमी धक्क्यावर आलीच नाही. तिने रुमाल पेटीत ठेवून दिला असं शेजारीण सांगत होती.

दोन दिवस ती घराबाहेर दिसली नाही. लोक हसतील असं तिला वाटत होतं आणि थोडे हसलेही. बकरीवाला तर रागावला. तिसऱ्या दिवशी बू हार्तिनी स्वतः तिच्या घरी गेली. माझी टपरी त्या गल्लीत नाही याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. पण कासमीने नंतर सांगितलं. भट्ट्या बंद कर असं बू हार्तिनी म्हणालीच नाही. तिने विचारलं, प्रास म्हणतो तशी निम्मी गल्ली दुसऱ्या तारेवर घेतली तर तुझी हरकत नाही ना. आणि किल्ली परत द्यायला कासमी पुढे आली तेव्हा तिने घेतली नाही.

गल्लीतल्या बायकांना मात्र हरकत होती. दुसरी तार म्हणजे तळ्याकडच्या लोकांची तार, आणि तळ्याकडची माणसं भांडकुदळ. त्यांच्या तारेवर गेलं तर आपल्याही घरात कटकटी सुरू होतील, असं दोघी-तिघी गंभीरपणे सांगत होत्या. प्रासने विजेतून भांडणं येत नाहीत हे परोपरीने समजावलं. शेवटी कासमी म्हणाली, माझं घर पहिलं बदला, आमच्याकडे आणखी कटकट व्हायला जागाच नाही. मग बाकीच्या तयार झाल्या.

तरी दोन्ही भट्ट्या एका घरात जड होत्या. म्हणून एक भट्टी माझ्या टपरीत आली, कारण माझी टपरी तिसऱ्याच तारेवर आहे. आता सकाळी कासमी इथेच असते. पापड गरम असताना पेचेलबरोबर इतके खपतात की मी दुसरं बाक टाकलं. डबी अधूनमधून लाल होते, पण खरंच काही असेल तेव्हाच, आणि तेव्हा आधी तारमुजी बल्ब घेऊन धावतो.

परवा तो जेवायला बसला होता. कासमी भट्टीपाशी, पाठमोरी. तो इकडेतिकडे बघत, ताटात बोट फिरवत म्हणाला, "त्या दिवशी तू बोलली नसतीस तरी कुणाला कळलं नसतं."

"कळलं असतं," कासमी म्हणाली. "मोटर जळाल्यावर." मग तिने भट्टीतला ट्रे काढून त्याच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, नुसतं बसू नका, हे उलटायला लागा.

तो उलटायला लागला.